थंडीतले स्फटिक

एखादं माणूस चारचौघांत खोटं ठरतंय, आणि ते खरं आहे हे त्या खोलीत फक्त तुम्हाला ठाऊक आहे — असं तुमच्या बाबतीत कधी झालंय का? झालं असेल, तर तुम्ही तोंड उघडलंत का?

मी नाही उघडलं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, ज्यांच्याबरोबर मोर्चात लाठ्या खाल्ल्या त्या मित्रांनाही नाही. तुम्ही मला ओळखता ते माझ्या पत्रकांमुळे. सातपूरला शिफ्ट सुटताना गेटवर, नाशिकरोड स्टेशनाबाहेर, विहारातल्या सभेनंतर — कुठे ना कुठे माझा एखादा कागद तुमच्या हातात पडला असेल. त्यातल्या प्रत्येक कागदात मी कुणाला तरी जाब विचारलाय. जाब विचारायची मला सवय आहे. द्यायची नाही. म्हणून आज वाक्यं अडखळली तर — अडखळू द्या.

माझे वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर होते. आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडिलांच्या डब्याच्या पिशवीतून ती यायची, राखेचा वास घेऊन. मी वाचायला शिकलो ते त्यांच्यावरच. पत्रकातलं सत्य मला फार आवडायचं, कारण ते कधी बदलायचं नाही. उन्हात तेच, पावसात तेच, कुठल्याही चौकात तेच. सत्य असंच असतं, असं मी धरून चाललो होतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिच्यापायीच मी तोंडघशी पडलो.

आता स्फटिकांचं सांगतो. त्याशिवाय बाकीचं कळायचं नाही.

सभा सुटल्यावर दाराबाहेर चपलांचा ढीग असतो. डावी आणि उजवी चप्पल — मापानं सारखी, वजनानं सारखी, पट्टा तोच, तळ तोच. एक म्हणजे दुसरीची आरशातली छबी. पण उजव्या पायात डावी घालून बघा, दोन पावलांत कळतं. काही रेणूही असेच असतात. तेच अणू, त्याच जोडण्या, पण एक डावा आणि एक उजवा. द्राक्षात जे टार्टारिक आम्ल असतं, ते वेल फक्त उजवंच तयार करते. प्रयोगशाळेत तेच आम्ल करायला जा, तर डावं आणि उजवं निम्मंनिम्मं मिसळून हाती येतं. मग ते वेगळं कसं करायचं? चपलांचा ढीग निदान डोळ्यांना दिसतो. रेणू कोण निवडणार?

हे सगळं मला मंदा आहेरनं समजावलं. चपलांचं उदाहरणही तिचंच.

आम्ही एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, एकाच सरांच्या हाताखाली. तिचं टेबल खिडकीशी, माझं शेजारी. ती नांदगावकडची. वडिलांची थोडी शेती आणि बाजारात बियाण्यांचं दुकान. त्यांनी पोरीशी एक करार केला होता — एका दमात पास झालीस तर पुढं पुण्याला पाठवतो, नाहीतर घरी ये, स्थळं खोळंबलीत. हे ती हसत हसत सांगायची. "जाधव, मला नापास व्हायची सोयच नाही," म्हणायची.

तिचा प्रयोग असा. त्या मिसळलेल्या आम्लाचा सोडियम आणि अमोनियाबरोबर एक क्षार तयार होतो. त्याचं द्रावण गार जागी शांत ठेवलं की एक नवल घडतं. डावे रेणू डाव्यांना शोधतात, उजवे उजव्यांना, आणि दोघांचे वेगवेगळे स्फटिक तयार होतात. दिसायला दोन्ही सारखेच, पांढरे, काचेसारखे — थेट खडीसाखर. फरक एवढाच, की प्रत्येकाच्या अंगावर एक बारीकसा तिरपा पैलू असतो. एकाच्या उजव्या अंगाला, दुसऱ्याच्या डाव्या. भिंग लावून, चिमट्यानं एकेक उचलून तो बघायचा आणि निवडायचं. तांदूळ निवडतात तसं. फक्त इथं खडा आणि तांदूळ आरशासमोर उभे आहेत, असं समजा.

तो हिवाळा नाशिकला चांगलाच गारठा होता. प्रयोगशाळेत आम्ही स्वेटर घालून बसायचो. ती सगळी थंडी खिडकीच्या उजेडात वाकून निवडत राहिली. काचेच्या दोन बशा. एकीखाली चिठ्ठी — डा. दुसरीखाली — उ.

एकदा तिनं भिंग माझ्या हातात दिलं. "बघा ना, दिसतोय? तिरपा झालाय तो."

"दिसला," मी म्हणालो.

नव्हता दिसला. मला त्यात नुसता चकाकता खडा दिसत होता. पण 'प्रत्येक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, मगच माना' असं मी भिंतीभिंतीवर लिहून चिकटवत होतो तेव्हा. मला दिसत नाही, हे एका मुलीसमोर कसं म्हणायचं? ही पहिली थाप. लहानशी. निरुपद्रवी वाटते ना?

पण एक गोष्ट मात्र मी खरोखर पाहिली होती. आमच्याकडे पोलारिमीटर होतं. दुर्बिणीसारखी लांब नळी, एका टोकाला पिवळा दिवा. नळीत द्रावण भरायचं. रेणू उजवे असतील तर प्रकाशाला उजवीकडे वळवतात, डावे असतील तर डावीकडे, आणि मिसळलेले असतील तर एक दुसऱ्याला खोडतो आणि प्रकाश वळतच नाही. तिनं दोन्ही बशांतली चिमूट चिमूट विरघळवली आणि मला हाक मारली. "तुम्ही वाचा, जाधव. मी वाचलं तर मला हवं तेच दिसेल." मी डोळा लावला. एक उजवीकडे. दुसरं डावीकडे. दोन्ही जवळजवळ सारखंच. मी मोठ्यानं आकडे सांगितले, तिनं लिहून घेतले. मग ती खुर्चीत बसली आणि दोन्ही हात तोंडावर धरून हसली. ते हसू मी अजून विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर हे लिहावं लागलं नसतं.

मग ती संक्रांतीला चार दिवस घरी गेली.

त्या रविवारी सातपूरला कामगारांच्या चाळीत आमच्या चळवळीचा कार्यक्रम होता. भोंदू बाबांचे चमत्कार आम्ही करून दाखवायचो आणि त्यामागचं विज्ञान सांगायचो. मला वाटलं — नुसते बाबा उघडे पाडून काय होणार? लोकांना खरं नवल दाखवू या. कपाटाची किल्ली माझ्याकडेही असायची. मी त्या दोन बशा उचलल्या. विचारलं नाही. विचारायचं सुचलंच नाही, असं लिहिणार होतो. पण सुचलं होतं. ती नाही म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही.

मी छान बोललो त्या दिवशी. चपलांचं उदाहरण दिलं — माझं म्हणून. लोक रंगले. एक फिटर म्हणाला, "जाधवसाहेब, ह्यात आपले कोणते? डावेच ना?" सगळी चाळ हसली. मीही. बशा टेबलावर ठेवून मी प्रश्नांची उत्तरं देत होतो, आणि कार्यक्रम संपता संपता ज्यांच्या दारात सभा होती त्या गायकवाडांच्या वहिनींनी त्या उचलल्या. त्या उशिरा, स्वयंपाक उरकून आल्या होत्या. त्यांनी भाषण ऐकलेलंच नव्हतं. सभेनंतर सगळ्यांच्या हातावर काहीतरी गोड ठेवायचं, ही त्यांच्या घरची रीत. दोन बशा कशाला फिरवायच्या, म्हणून त्यांनी दोन्ही एका ताटात ओतल्या आणि ताट पुढच्या रांगेला दिलं.

मी ओरडलोच. धावत जाऊन ताट ओढलं.

"अगं बाई! भाऊ, एवढीशी साखर, तीबी खाऊ देईनात?" वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, साखर नाही ती! खायची नाही!"

"मग ताटात काय मांडायला आणली व्हय?"

पुन्हा चाळ हसली. कुणी खाल्लं नाही, एवढंच बरं झालं. पण ताटात एकच पांढरा ढीग होता. एका थंडीचं काम — मागे, जिथून निघालं होतं तिथं जाऊन पोचलेलं.

ते मी पुन्हा निवडायला हवं होतं, म्हणाल. मी बसलो होतो निवडायला. भिंग घेऊन, चिमटा घेऊन. आणि तेव्हा, खोलीत दुसरं कुणी नसताना, मला कळलं की मला तो पैलू दिसतच नाही. कधीच दिसला नव्हता. चमचाभर डाव्या बशीत, चमचाभर उजव्या बशीत — मी सरळ निम्मं निम्मं वाटून टाकलं. चिठ्ठ्या जागच्या जागी ठेवल्या. कपाट बंद केलं.

ती परत आली. बशा पाहून म्हणाली, "पिठाळल्यासारखे झालेत हो. धार गेली यांची."

"हवा लागली असेल," मी म्हणालो.

तेव्हा सांगितलं असतं तर काय झालं असतं? ती चिडली असती. दोन दिवस बोलली नसती. आणि थंडी होती अजून — तिनं पुन्हा सगळं विरघळवून नव्यानं केलं असतं. एवढंच. सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं. मी गप्प राहिलो, कारण आकडे तर आधीच घेऊन झाले होते. त्या बशांकडे आता कोण पाहणार?

एप्रिलमध्ये बाहेरून परीक्षक आले. पत्र्याच्या छपराखाली प्रयोगशाळा तापली होती. परीक्षकांनी तिचं काम चाळलं, खूश झाले, आणि म्हणाले, "स्फटिक आहेत ना शिल्लक? करून दाखवा बघू."

माझ्या पायाखालची फरशी गेली. मी शेजारीच उभा होतो. तिनं आनंदानं बशा काढल्या. डावी बशी विरघळवली, नळी भरली. परीक्षक डोळा लावून बसले. "शून्य," ते म्हणाले. उजवी भरली. "शून्य." तिनं स्वतः पाहिलं. चाकं फिरवली. पुन्हा पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते दुःख नव्हतं, भीतीही नव्हती — आपण उभ्या असलेल्या जमिनीनंच आपल्याला फसवावं, तसं काहीतरी होतं.

आमच्या सरांनी मदत म्हणून सुचवलं — नवीन द्रावण ठेवू, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी त्या उकाड्यात स्फटिक आले, नीटनेटके, दोन्ही अंगांनी सारखे. तिरपा पैलू कुणालाच सापडेना. तिलाही नाही. ती बराच वेळ भिंगातून बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "सर, हे गारव्यात करावं लागत असेल. थंडीत यायचे. थंडीत पुन्हा करून बघू या."

परीक्षकांनी चष्मा काढला. "म्हणजे काय बाई? हे काय रब्बीचं पीक आहे — थंडीत येतं आणि उन्हात जातं?"

सगळे हसले. वर्गातली मुलं, सर, दारातले लोक. आणि मी. हो — मीही हसलो. मी जवळच होतो, तिनं वळून पाहिलं तेव्हा माझे दात दिसत होते.

मग सरांनी मला विचारलं. सरळ, नाव घेऊन. "जाधव, तू शेजारीच असायचास. तू काही पाहिलं होतंस का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. किती निश्चिंतपणे पाहिलं! तिला माहीत होतं, आकडे मीच वाचले होते. एक वाक्य पुरे होतं. हो सर, मी पाहिलंय. बशांबद्दल बोललो नसतो तरी, एवढं एक वाक्य.

"माझं लक्ष नव्हतं, सर," मी म्हणालो. आकडे यानंच वाचलेत, असं ती म्हणू शकली असती. म्हणाली नाही.

वीजकेंद्राच्या आमच्या कॉलनीत एम.एस्सी.पर्यंत पोचलेला मी पहिलाच होतो. कुठे काही हरवलं की प्रयोगशाळेत आधी कुणाकडे नजर वळायची, हेही मला ठाऊक होतं. ही कारणं खरी आहेत. पण त्या क्षणी त्यातलं एकही माझ्या डोक्यात नव्हतं. ती मी नंतर गोळा केली. म्हणून ती इथं मांडून ठेवतो आणि तिथंच सोडतो.

तिला नापास केलं. आकडे बनवले, असा ठपका ठेवून.

तुम्हाला वाटेल, हाच कबुलीजबाब. नाही. अजून आहे. मला स्वतःला अजून धक्का बसतो तो पुढच्या गोष्टीचा.

त्याच आठवड्यात कॉलेजच्या फलकावर मी एक पत्रक चिकटवलं. 'शिजवलेले आकडे'. ज्यांच्या घरी जमीन आहे, दुकान आहे, त्यांना विज्ञान नको असतं, पदवी हवी असते — असं काहीतरी. तिचं नाव नव्हतं. गरजच नव्हती. का लिहिलं? कुणी माझ्याकडे बोट दाखवायच्या आत मला बोट दाखवायचं होतं, दुसरं काय! आणि लिहिताना — कसं सांगू — लिहिताना मला खरोखर संताप आला होता. मी खोट्याविरुद्ध लढतोय असं मला वाटत होतं. माणूस स्वतःला एवढं फसवू शकतो? मी फसवलं. वाक्यं झकास उतरली. मुलांनी ती पाठ केली. गावातल्या एका साप्ताहिकाच्या संपादकांनी ते वाचून मला बोलावलं, दर आठवड्याला लिही म्हणाले. तुम्ही ज्या जाधवला ओळखता तो तिथून सुरू झाला. ज्या कागदानं मला लेखक केलं, तो त्या मुलीच्या पाठीवर ठेवून लिहिलेला आहे.

ती फलकासमोर उभी राहून ते पूर्ण वाचताना मी पाहिलं. जिन्यातून. मग ती सामान घेऊन गेली.

पुढे काही वर्षांनी पुण्यात एका ग्रंथालयात, दुसरंच काही शोधताना, मी एक जाडजूड पुस्तक उघडलं. त्यात त्याच क्षाराबद्दल लिहिलं होतं. हा फक्त गारव्यातच डावा आणि उजवा असा वेगळा होतो. ऊब वाढली की डावे-उजवे रेणू जोडीनं एकाच स्फटिकात बसतात, आणि मग तो दोन्ही अंगांनी सारखा होतो, तिरपा पैलू उरत नाही. मी उभ्या उभ्या वाचत होतो, तो खाली बसलो. ती म्हणाली होती ते शब्दन् शब्द खरं होतं. तोवर मी मनाशी म्हणायचो — दुसऱ्या दिवशी नव्यानं केले तेही कुठे जमले? तेवढा एक कोपरा होता मला लपायला. तोही गेला. सत्य होतं, आणि त्याला ऋतू होता. परीक्षेच्या दिवशी मला हसू आलं होतं, कारण माझ्या पत्रकांत कुठल्याच सत्याला ऋतू नव्हता.

मागच्या वर्षी एका सभेसाठी नांदगावला गेलो होतो. बाजारात बियाण्यांच्या दुकानात ती बसली होती. वडील गेले, म्हणाली. लग्न झालंय, मुलगा आहे. दुकान तीच बघते. मला चहा मागवला. माझं नाव पेपरात वाचते म्हणाली. आणि मग, पुडी बांधता बांधता, "मी खूप विचार केला हो त्याचा. आकडे खरेच होते, तुम्हीच वाचले होते ना? मग मला वाटतं, माझ्याच हातून बशा कालवल्या गेल्या असतील. घरी जायच्या गडबडीत. मीच निष्काळजी." पुडीला गाठ मारून म्हणाली, "थंडीत कुणी पुन्हा करून बघितलं का, जाधव?"

एवढी वर्षं ती स्वतःला दोष देत होती. त्या पत्रकाबद्दल एक शब्द नाही. 'माझं लक्ष नव्हतं' याबद्दल एक शब्द नाही. आणि मी काय केलं? मी चहा संपवला. "माहीत नाही," म्हणालो, आणि उठलो.

त्यानंतर दोनदा तिला सांगायला म्हणून नाशिकरोडहून गाडीत बसलो. दोन्ही वेळा मनमाडला उतरलो आणि परतीची गाडी धरली. म्हणून या वेळी आधी हे छापतोय. शाई वाळली की पहिला कागद खिशात घालून नांदगावला जाणार. तुमच्या हातात कागद पडल्यावर मनमाडला उतरून उपयोग नाही. मला स्वतःला एवढंच बांधता येतं. ती काय म्हणेल ते मला माहीत नाही. तिनं काय म्हणावं हे ठरवायचा मला अधिकार नाही. आणि तुम्ही माझ्याबद्दल काय म्हणावं, हेही मी विचारत नाही.

एकच काम सांगतो, ते माझ्यासाठी नाही. तुमच्यापैकी कुणी कॉलेजात शिकवत असेल, किंवा कुणाचा मुलगा, मुलगी तिथं शिकत असेल, तर त्यांना हा क्षार तयार करायला सांगा. सावकाश, खिडकीच्या उजेडात, भिंग घेऊन. न दिसलं तर 'दिसलं' म्हणू देऊ नका. आणि तो तिरपा पैलू एकदा डाव्या अंगाला, एकदा उजव्या अंगाला दिसला, की त्यांना सांगा — नाशिकमध्ये हा मंदा आहेरनं निवडून दाखवला होता, आणि तिचे आकडे खरे होते.

फक्त उन्हाळ्यात करू नका. थंडीत करा.